फ्रिजमधल्या ओकच्या बिया

ही गोष्ट मी आजवर कुणाजवळ बोललेले नाही. नवऱ्याजवळ नाही, बहिणीजवळ नाही, आणि जिच्याजवळ सगळ्यांत आधी बोलायला हवी होती तिच्याजवळ तर नाहीच. तुम्हाला सांगतेय, कारण तुम्ही मला ओळखत नाही. मध्येच तुम्ही "जाऊ दे गं" म्हणालात, तरी मला ते ऐकू येणार नाही. तेच बरं आहे.

हॅम्बर्गमध्ये आम्ही राहतो त्या इमारतीच्या अंगणात एक ओक होता. आतून पोकळ झाला म्हणून एका हिवाळ्यात तो पाडला. आमच्या खालच्या मजल्यावर फ्राऊ बेकमान, म्हणजे बेकमानबाई, राहतात, सत्तरी ओलांडलेल्या, नवरा गेल्यापासून एकट्या. झाड पाडणार हे कळल्यावर त्यांनी त्या ऑक्टोबरात खाली पडलेल्या बिया वेचून ठेवल्या. डोक्यावर टोपी असते ना, तसल्या. त्या झाडाच्या शेवटच्या बिया. पुन्हा मिळणार नव्हत्या, आणि हे मला पक्कं माहीत होतं. आधीच सांगून ठेवते, म्हणजे पुढे मला पळवाट काढता येणार नाही.

फ्राऊ बेकमानचं आणि माझं कधी जमलं नाही. जिन्यात चपला का? रविवारी वॉशिंग मशीन का? कागदाच्या डब्यात दुधाचा खोका कुणी टाकला? त्यांची प्रत्येक तक्रार "आल्झो", म्हणजे "तर मग", इथून सुरू व्हायची. मी हसून "या, या", म्हणजे हो, हो, म्हणायचे आणि वर येऊन भांडी आपटायचे. अशी कित्येक वर्षं काढली.

आणि त्याच डिसेंबरात नागपूरहून माझ्या सासूबाई आल्या, तीन महिन्यांसाठी. मी त्यांना आईच म्हणते. आईंना जर्मन सोडाच, इंग्रजीही बेताचंच. तरी आठवड्याभरात त्या फ्राऊ बेकमानची भाजीची पिशवी त्यांच्या दारापर्यंत नेऊन द्यायला लागल्या, आणि पंधरवड्यात त्यांच्या टेबलाशी बसून केक खायला लागल्या. दोघी काय बोलायच्या? काहीच नाही. बोटांनी दाखवायच्या आणि हसायच्या. अगदीच अडलं की मला हाक — मी दुभाषी! आईंनी परसात आयुष्यभर झाडं लावलेली, त्यामुळे बियांवरून त्यांचं सूत जुळलं. एकदा दोघींनी पातेल्यात पाणी घेऊन बिया पुन्हा निवडल्या. तरंगल्या त्या पोकळ, बुडाल्या त्या चांगल्या. आई बुडालेली बी उचलून मला दाखवत होत्या आणि फ्राऊ बेकमान चक्क टाळ्या वाजवत होत्या. मी दारात उभी होते. मला मत्सर वाटला. दुसरा शब्द शोधून पाहिला, सापडला नाही.

जानेवारीत फ्राऊ बेकमानच्या खुब्याचं ऑपरेशन ठरलं. पुढे काही आठवडे त्या व्यायाम-उपचाराच्या ठिकाणी राहणार होत्या. ओकच्या बिया वसंतापर्यंत गार आणि ओलसर ठेवाव्या लागतात, म्हणून ओल्या भुशात घातलेली पिशवी घेऊन त्या आमच्याकडे आल्या. मी हात पुढे केला. त्यांनी माझा हात टाळून ती पिशवी आईंच्या हातात ठेवली. एवढंच. एवढ्याशा गोष्टीवर माणूस किती काळ कुढत राहू शकतो?

त्यानंतर माझ्या फ्रिजचा खालचा कप्पा आईंचा झाला. दर रविवारी पिशवी उघडायची, भुसा बोटांनी चाचपायचा, वाटलं तर चार थेंब शिंपडायचे. ओकचं मूळ सरळ खोल जातं, म्हणून दुधाचे उंच खोके धुऊन बाल्कनीत मांडून ठेवले होते. फोनवर सगळ्या नागपूरला सांगून झालं होतं, "माह्याकडं त्या बाईंची अमानत आहे."

फेब्रुवारीत नवऱ्याच्या ऑफिसातली मंडळी जेवायला यायची होती. पनीर, कोथिंबीर, श्रीखंडाचं भांडं — फ्रिजमध्ये जागा नव्हती. आई आंघोळीला गेल्या होत्या. मी खालचा कप्पा ओढला आणि पिशवी उचलली.

इथपर्यंत ऐकून तुम्हाला वाटेल, घाईत टाकली असेल बिचारीने. नाही. मी पिशवी उघडून पाहिली. बिया उकलल्या होत्या. जवळजवळ प्रत्येकीतून पांढरं, बोटाच्या पेराएवढं मूळ बाहेर आलं होतं. मागच्या रविवारी ते नव्हतं. असतं तर आईंनी घर डोक्यावर घेतलं असतं. म्हणजे ते पहिल्यांदा मी पाहिलं. आणि मी ती पिशवी खाली नेली, ओल्या कचऱ्याच्या टाकीत रिकामी केली, वरून चहाचा चोथा आणि कांद्याची सालं टाकली. सालं का टाकली? दिसू नये म्हणून. ज्याच्या हातून चूक होते तो सालं टाकत नाही.

दुपारी कचऱ्याची गाडी आली. ती आमच्या गल्लीत वळली तेव्हापासून मी खिडकीत उभी होते. शेजारच्या इमारतीच्या टाक्या रिकाम्या झाल्या, मग आमची ओढत नेली. धावत गेले असते तर मिळाल्या असत्या. मी कोथिंबीर निवडत राहिले.

आईंना सांगितलं, बिया सडल्या, वास यायला लागला, टाकाव्या लागल्या. त्या मटकन खुर्चीवर बसल्या. म्हणाल्या, "माह्याच हातून पाणी जास्त झालं असंल पोरी." मी म्हटलं, होतं असं कधीकधी.

मार्चमध्ये फ्राऊ बेकमान परतल्या. दुसऱ्याच दिवशी कुबडीचा आधार घेत, प्रत्येक पायरीवर थांबत, त्या वर आल्या. कोटाच्या खिशातून मातीकामाचे हातमोजे डोकावत होते. आई माझ्या मागोमाग हात पुसत दारात आल्या. मी सांगितलं, बिया सडल्या.

"सगळ्या?" त्यांनी विचारलं. "एकदम? मग पिशवी दाखवा."

टाकली, मी म्हटलं.

"कुणी टाकली?"

त्या माझ्याकडेच रोखून पाहत होत्या. त्यांना माझाच संशय होता — आणि बरोबर होता! मी जर्मनमध्ये म्हणाले, सासूबाईंनी. सडल्या-बिडल्या नव्हत्या, मला तुम्हाला दुखवायचं नव्हतं म्हणून तसं बोलले. त्यांना कशाची किंमत नाही हो, फ्रिजमध्ये जागा हवी म्हणून टाकल्या त्यांनी.

आई शेजारीच उभ्या होत्या. आपल्याबद्दल काय बोललं जातंय याचा पत्ता नसलेल्या, फ्राऊ बेकमानकडे बघून हसणाऱ्या. त्या हसण्याकडे फ्राऊ बेकमाननी ज्या नजरेने पाहिलं, ती मी पुन्हा कुणाच्या डोळ्यांत पाहिलेली नाही. त्या वळल्या आणि जिना उतरू लागल्या.

"काहून अशा गेल्या त्या? काय म्हणाल्या?" आईंनी विचारलं.

बिया सडल्याचं वाईट वाटलं त्यांना, असं मी मराठीत सांगितलं. दोन भाषा येत होत्या ना मला! दोन्हींत खोटं बोलले.

नुसती भीती होती का ती? मी खूपदा स्वतःला विचारलं आहे. भीती होतीच. पण त्या दोघींचं सूत तुटावं असंही मला वाटत होतं, आणि ते तोडायची सोय माझ्या जिभेवर होती.

त्या दिवशी आई जेवल्या नाहीत. संध्याकाळी माझ्याजवळ येऊन म्हणाल्या, "माफ करा म्हणायला यांच्यात काय म्हणतात गं?"

मी शिकवलं. एन्टशुल्डिगुंग. आईंच्या जिभेला तो शब्द वळेना. मी तोडून तोडून सांगितला, त्यांनी ओट्याशी उभं राहून घोकला. मग पदर सारखा करून त्या खाली गेल्या, मी मागे. दार उघडलं. आईंनी हात जोडले आणि तो शब्द म्हटला, दोनदा, डोळ्यांत पाणी आणून. फ्राऊ बेकमाननी मान हलवली. न केलेल्या गुन्ह्याची कबुली त्यांना मिळाली होती. दार हळूच लागलं. आई इथे होत्या तोवर ते त्यांच्यासाठी पुन्हा उघडलं नाही.

दोघीही हयात आहेत. फ्राऊ बेकमान आता माझ्याशी गोड बोलतात, असली सासू सांभाळते म्हणून बहुधा. चपलांबद्दल बोलायच्या बंद झाल्या आहेत.

आणि आई — परवा आमचा व्हिडिओ कॉल चालू असताना नणंद तिथे आली, तर तिला माझ्यासमोरच सांगत होत्या, "त्या बाईंची अमानत माह्या हातून गेली, पण सूनबाईनं एका शब्दानं मला बोल लावला नाही. उलट माह्यासंगं माफी मागाले आली."

मी सगळं ऐकलं. मग विचारलं, "आई, बीपीची गोळी घेतली का?"