आयांसाठी बांधलेली खोली

मोठीबाईंना ‘जमणार नाही’ म्हणणारा माणूस अजून जन्माला यायचा होता. ठेकेदाराने एकदा म्हणून पाहिलं आणि दुसऱ्या दिवशी तो मुकाट्याने दार रुंद करत बसला. अपंग मुलांना दोन-तीन दिवस ठेवून घ्यायचं आणि तेवढे दिवस त्यांच्या आईबापांना मोकळं सोडायचं, हे त्या विसावा घराचं काम. मोठीबाई तिथल्या प्रमुख. उंचीने बेताच्या, आवाजाने मात्र तिन्ही मजले भरतील अशा.

घर जुनं झालं होतं. चाकाची खुर्ची दारात अडकायची, न्हाणीघरात मोठी माणसंही घसरायची. नूतनीकरण सुरू झालं तेव्हा बाई कामगारांच्या मागे हात धुऊन लागल्या. मुलांना पलंगावरून उचलणारा यांत्रिक झोळा बसवला, तेव्हा आधी स्वतः त्यात बसल्या. ठेकेदाराने भीत भीत बटण दाबलं. बाई अधांतरी झुलत वर गेल्या आणि छताचा रंग कुठे राहिलाय ते तिथूनच दाखवू लागल्या.

पण त्यांचा जीव होता तो मुलांच्या आयांसाठी बांधलेल्या खोलीत. बाईंचा धाकटा भाऊ जन्मापासून अंथरुणावर होता. त्यांची आई त्याच्या उशाशी लाकडी स्टुलावर बसून म्हातारी झाली आणि त्याच्या आधी गेली. म्हणून या खोलीत मऊ सोफा आला, चहाची सोय झाली आणि मुलांच्या दालनाकडे मोठी काच बसली. आयांना बसल्या जागी लेकरू दिसावं, एवढाच हेतू.

घर उघडलं आणि आयांनी त्या खोलीत मुक्कामच ठोकला. बाईंना आधी आनंदाचं भरतं आलं. त्यातच एक शिंपीणबाई होत्या. त्यांचा मुलगा वयाने बारा, अंगाने थोराड, रात्री दर दोन तासांनी कूस बदलावी लागणारा. उचलून उचलून त्यांची पाठ गेली होती. विश्रांती घेतली नाही तर आडव्या व्हाल, असं डॉक्टरांनी स्पष्ट बजावलं होतं, आणि घरात त्याला उचलणारं दुसरं कुणी नव्हतं. या शिंपीणबाई तिन्ही दिवस काचेला नाक लावून बसल्या. तो खोकला की या उठणार. निघायच्या दिवशी त्याला खुर्चीत ठेवायला वाकल्या त्या वाकलेल्याच राहिल्या. नर्सने झेप घेऊन मुलगा सावरला.

त्या दिवशी बाई कुणावरही ओरडल्या नाहीत, त्यामुळे सगळे जास्तच घाबरले. त्यांनी ठेकेदाराला बोलावून काच काढायला आणि तिथे भिंत घालायला सांगितलं. सोफाही उचलायचा होता. एवढी हौसेने केलेली खोली, असं तो चाचरत म्हणाला.

“माझ्या आईला स्टुलावरून उठवायला हवं होतं,” बाई म्हणाल्या. “मी तिला सोफा दिला.”

पाठ थोडी सावरल्यावर शिंपीणबाई पुन्हा मुलाला घेऊन आल्या, तर खोलीत व्हीलचेअर रांगेने लावलेल्या.

“मी बसू कुठे?”

“घरी जा.”

“मला हाकलताय?”

“हो,” बाई म्हणाल्या, आणि त्यांची पिशवी स्वतः फाटकापर्यंत नेऊन दिली. काही लागलं तर आम्हीच फोन करू, तुम्ही करायचा नाही, असाही दम भरला.

शिंपीणबाईंचा फोन आला नाही. तिसऱ्या दिवशी मुलाला न्यायची वेळ झाली, टळली, संध्याकाळ झाली. नर्स दोनदा फोनकडे गेली आणि बाईंचा चेहरा पाहून दोनदा परत फिरली. दिवे लागल्यावर शिंपीणबाई धापा टाकत आल्या. केस विस्कटलेले, गालावर उशीचे वळ. दारातच त्यांना रडू फुटलं.

“झोप लागली हो. सगळा दिवस. मला त्याची आठवणसुद्धा आली नाही.”

मुलगा दुपारपासून दाराकडे डोळे लावून होता. बाईंनी ते पाहिलं होतं.

“त्यालाही तुमची आली नाही,” बाई डोळ्याची पापणी न हलवता म्हणाल्या.

शिंपीणबाई रडता रडता हसल्या. मग पाठ सरळ करून, मुलाला न उचलता, त्यांनी नर्सला हाक मारली आणि पुढची तारीख मागून घेतली.