खोलीबाहेर ठेवलेला माठ

माझ्या बायकोच्या, सुमनच्या खाटेजवळचा माठ मी स्वतःच्या हातांनी उचलून ओट्यावर नेऊन ठेवला होता. मला कोणी भाग पाडलं नव्हतं. मायने फक्त दाराकडे बोट दाखवलं आणि मी, फैजपूरच्या शाळेत मुलांना शरीरातल्या पाण्याचं महत्त्व शिकवणारा विज्ञानाचा मास्तर, कडेवर मूल घ्यावं तसा तो गार, पाझरणारा माठ घेऊन बाळंतिणीच्या खोलीतून बाहेर आलो. माझ्या चुकीची सुरुवात तिथे झाली. दुर्दैवाने ती तेवढ्यावर थांबली नाही.

ऐंशीच्या दशकातला तो एक वैशाख होता. सातपुड्याची रांग उन्हात विरघळून गेल्यासारखी दिसेनाशी व्हायची आणि दुपारी अंगणातल्या दगडावर पाय ठरत नसे. सुमनची आई ती लहान असतानाच वारलेली, म्हणून पहिलं बाळंतपण माहेरी न होता आमच्याच घरी झालं. मुलगी झाली. त्या खोलीच्या खिडकीला गोधडी लावलेली, खाटेखाली निखाऱ्यांची शेगडी, सुमनच्या कानांना घट्ट बांधलेलं फडकं, आणि निखाऱ्यांवर टाकलेल्या ओव्या-शेपांचा तो उग्र, गोडसर धूर. आजही कुठल्या घरातून ओवा भाजल्याचा वास आला की मी रस्त्यात क्षणभर थांबतो. आधी मुलीच्या जन्माचा आनंद आठवतो आणि त्याच्या पाठोपाठ, तितक्याच खात्रीने, बाकीचं सगळं.

नियम मायचा होता: सव्वा महिना, सकाळ-संध्याकाळ पेलाभर ओव्याचं उकळलेलं पाणी, त्यापलीकडे थेंब नाही. "जास्त पानी पेलं का पोट सुटते, अन् लेकराले सर्दी होते," ती म्हणायची. "मी तुम्हा चौघायले असंच काढलं. मले कोनी तांब्या भरून दिला व्हता का?" त्यात दुष्टपणा नव्हता. डिंकाचे लाडू वळून वळून तिच्या तळहातांना तुपाचा वास लागला होता, आणि गुडघे दुखत असतानाही सुमनच्या पाठीला तेल लावायला ती खाली बसायची. तिच्या आईने तिला जे सोसायला लावलं तेच तिने औषध मानलं होतं. तिला दुसरं काही कोणी शिकवलं नव्हतं; मला मात्र शिकवलं होतं.

शाळेला सुट्टी असल्यामुळे मी रोज सकाळी मळ्यात केळीला पाणी भरायला जात असे. वैशाखात पाण्याची एक बारी चुकली तर केळी माना टाकतात, घड पोसत नाहीत, हे आमच्याकडे कोणालाही सांगावं लागत नाही. फावड्याने बांध फोडला की पाणी सरीतून सरसरत पुढे जायचं आणि तापलेली माती ते पिताना एक बारीक, समाधानाचा आवाज करायची. तो आवाज ऐकत मी सावलीत उभा राहायचो.

घरी आलो की सुमन विचारायची, "झालं पाणी भरून?"

"झालं."

"पुढच्या जन्मी तुमच्या मळ्यातली केळ होईन म्हणते. निदान पाण्याची बारी तरी येईल."

मी हसायचो. तिचे ओठ फुटले होते, हे मला दिसत होतं, तरीही मी हसायचो. "थोड्या दिवसांचा तर प्रश्न आहे," असं म्हणून ओट्यावर यायचो आणि त्याच माठातलं पाणी पोटभर प्यायचो.

अकराव्या दिवशी सकाळी मायने बाळाच्या अंघोळीचं पाणी कोमट करून घंगाळात ओतलं आणि ती हळद आणायला चुलीपाशी गेली. मी सहज दाराशी आलो. सुमनने बाळाला मांडीवर घेतलं होतं आणि वाटीने घंगाळातलं पाणी काढून ती पीत होती. एक वाटी, दुसरी, तिसरी. तिचे डोळे मिटलेले होते. तिने मला पाहिलं नाही. मी आत जायला हवं होतं. मी मागे वळलो आणि चुलीपाशी जाऊन मायला सांगितलं. त्या घटकेला मला वाटलं, मी माझ्या मुलीची काळजी घेतो आहे.

दुसऱ्या दिवशी बारसं होतं. पाळण्याभोवती गल्लीतल्या बायका जमल्या होत्या. "आमची सून मोठी हुशार," माय म्हणाली, "लेकराच्या अंघोळीचं पानीबी सोडलं नाही तिनं." "मास्तरीणबाई, मंग साबनबी खाल्ला का?" एकीने विचारलं आणि खोलीभर हसू पसरलं. पाळण्याची दोरी धरलेली सुमन मान खाली घालून बसून राहिली. संध्याकाळी ती मायबद्दल मला म्हणाली, "आत्याबाई दाराआडून माझ्यावर नजर ठेवतात." मी तिचा तो समज तसाच राहू दिला.

दोन दिवसांनी तिला ताप भरला, दूध आटलं, मुलगी रडून रडून निळी पडू लागली. मी सायकल काढून दवाखान्यातल्या नर्सबाईंना घेऊन आलो. त्यांनी आत पाऊल टाकताच आधी खिडकीवरची गोधडी ओढून काढली. सुमनला लघवीला जळजळ होते आहे, हे त्यांनी दोन प्रश्नांत काढून घेतलं. मग माझ्याकडे वळल्या. "सर, वर्गात काय शिकवता तुम्ही? अंगावर पाजणारी बाई ही, हिला तर तुमच्यापेक्षा जास्त पाणी लागतं. दूध कशाचं होईल, धुराचं? आणि पोट पाण्याने सुटत नाही." मी माठ आत आणला. सुमनने तांब्या तोंडाला लावला तो रिकामा करूनच खाली ठेवला. गोळ्या सुरू झाल्या, ताप उतरला, हळूहळू दूधही आलं. शेगडी मायने स्वतःच बाहेर नेली.

पण त्यानंतर सुमनने मायच्या हातचं पाणी कधी मागून घेतलं नाही. सेवा केली, सणवार केले, दुखण्यात उशाशी बसली. फक्त तेवढं नाही. एका घरात राहून दोघींच्या मध्ये एक कोरडी पट्टी राहिली, आणि ती कोणामुळे, हे मला ठाऊक होतं.

वर्षं गेली. मुलगी माध्यमिक शाळेत जाऊ लागली होती तेव्हा माझी धाकटी बहीण लता बाळंतपणाला आमच्याकडे आली. त्याच खोलीत, त्याच खिडकीखाली सुमनने पहिल्याच दिवशी माठ आणून ठेवला. माय उंबऱ्याशी सुपात ओवा निवडत बसली होती. ती नुसती म्हणाली, "सावलीत सरकव, गार ऱ्हाईन."

सुमन लताला म्हणाली, आवाज न दबवता, "हवं तेवढं पी. दाराआडून बघणारं आता कोणी नाही."

मायचा हात सुपात थांबला. तिने मान वर करून एकदाच माझ्याकडे पाहिलं आणि पुन्हा ओवा निवडू लागली. एवढ्या वर्षांत एका वाक्याने ती स्वतःला सोडवू शकली असती. तिने माझं नाव घेतलं नव्हतं. आताही घेत नव्हती.

"सुमन," मी म्हणालो, "त्या दिवशी दाराआड माय नव्हती. मी होतो. मीच जाऊन तिला सांगितलं."

माठावर झाकणी ठेवायला निघालेला सुमनचा हात तसाच राहिला. तिने माझ्याकडे पाहिलं नाही, उंबऱ्याकडे पाहिलं. उघड्या खिडकीतून उन्हाचा एक तुकडा आत आला होता आणि माठाच्या ओल्या पोटावर हलत होता. दोघींपैकी कोणाला आधी म्हणावं, ते मला कळेना, म्हणून मी त्या माठाकडे बघतच म्हणालो, "माझं चुकलं. तो बाहेर नेला तेव्हाही, आणि त्यानंतर गप्प राहिलो त्या प्रत्येक दिवशी."