काही गाळायचं नाही

डिंगोऱ्यात मला दोन नावं आहेत. गावासाठी भगवंत गुरुजी, आणि धम्मपालच्या हातात कान पिरगाळणारी दोन बोटं. तो जन्मापासून बहिरा. चार वर्षं माझ्या वर्गात मागच्या बाकावर बसला आणि अक्षरं गिरवण्यापलीकडे मी त्याला काही शिकवू शकलो नाही. कान मात्र पिरगाळले. ती खूण त्यानं आजतागायत बदललेली नाही, आणि तक्रार करायला मला तोंड नाही.

त्याच्या घरात अशा शे-दीडशे खुणा होत्या. कपाळावर बोट टेकवलं की गोंदण, म्हणजे आई, बायडाबाई. डोक्यावर दोन शिंगं धरली की बेल्ह्याचा बैलबाजार. तिथं तो टेंपोच्या फाळक्यांवर नावं आणि फुलं रंगवायचा. या खुणा नीट कळायच्या त्या एकाच माणसाला, त्याच्याहून नऊ वर्षांनी धाकट्या ज्योत्स्नाला. चार वर्षांची असल्यापासून ती दादाच्या वतीनं बोलायची. दुकानदारानं त्याला काही विचारावं आणि उत्तर हिनं द्यावं, बऱ्याचदा त्याला न विचारताच. आम्हाला त्याचं कोण कौतुक!

नव्व्याण्णव साली नारायणगावाकडचं एक स्थळ आलं. बायडाबाई मला विचारायला आली, "गुरुजी, पोरगं बहिरं हाय, हे सांगावं का वो?" मी मोठा शहाणा! म्हणालो, "मुलीच्या बापाला सांग. पोरीला सांगून कशाला घाबरवायचं?" बाप कबूल झाला. मुलगी बाहेर आली, खाली मान घालून बसली आणि आत गेली. मग मोठ्यांनी मुलाचं मत विचारलं. धम्मपालनं हातांनी विचारलं, तिला माहीत आहे का? तिला आधी विचारा. तेवढ्या खुणा मलाही कळल्या. खोलीतली सगळी माणसं ज्योत्स्नाच्या तोंडाकडे बघत होती. पंधरा वर्षांची पोर ती. म्हणाली, "दादाला पसंत हाय."

साखरपुड्याच्या दिवशी मुलीला खरं कळलं. ती भर मांडवात रडत उठली, "मला कुणीच सांगितलं न्हाई." लोकांनी बोट दाखवलं ते धम्मपालकडे, फसवणारा म्हणून. तो घरी आला, दोन्ही हात पँटच्या खिशात घातले आणि तीन महिने बाहेर काढले नाहीत. बहिऱ्या माणसाचा अबोला असा असतो, हे मला तेव्हा कळलं. पुढं जेवणापाण्यापुरते हात बोलू लागले. लग्नाचा विषय मात्र बंद झाला.

ज्योत्स्ना जुन्नरला बीए झाली आणि मुंबईला निघाली, सांकेतिक भाषेची दुभाषी व्हायला. मी हसलो. "तुला कशाला गं शिक्षण? जन्मभर तेच तर करतेस." 

तिथं गेल्यावर कळलं की घरच्या खुणा तिथं चालत नाहीत. तिथली माणसं हातांनी वाद घालत, विनोद करत, भुवया उंचावून प्रश्न विचारत. गावात तोंडं वेडीवाकडी करते म्हणून ओरडा खाल्लेली ही पोरगी, आणि तिथं चेहरा हलला नाही म्हणून तिचे गुण गेले. शिकवणाऱ्या बाई स्वतः बहिऱ्या. पहिल्या सरावात त्यांनी आपलं दवाखान्यातलं दुखणं हातांनी सांगितलं. ज्योत्स्ना म्हणाली, "बाईंना बरं नव्हतं, आता बरं आहे." बाईंनी फळ्यावर लिहिलं, मी अकरा गोष्टी बोलले, नऊ कुठे गेल्या? मग खाली नियम लिहिले. काही गाळायचं नाही. पदरचं घालायचं नाही. तो 'मी' म्हणाला की आपणही 'मी' म्हणायचं.

हे तिनं सुट्टीत माझ्या ओट्यावर बसून सांगितलं आणि ढसाढसा रडली. का रडली ते मी विचारलं नाही. मला ठाऊक होतं. परत आल्यावर वर्षभर तिनं दादाला ती भाषा शिकवली.

दोन हजार सातला घोडेगावचं स्थळ आलं. प्रतीक्षा, अंगणवाडीत मदतनीस. घरच्यांसाठी दुभाष्याचं काम करू नये असंही ज्योत्स्नाला शिकवलं होतं, पण तालुक्यात दुसरं होतं कोण? निघताना तिनं बांगड्या काढल्या आणि काळा ड्रेस घातला, हात स्पष्ट दिसावेत म्हणून. बायडाबाई भडकली. "चांगल्या कामाला काळं? न्हाई मंजी न्हाई!"

"मंग गडद निळा चालंल?"

"निळ्याला कोण नाय म्हणतंय!"

घोडेगावला मीही सोबत होतो. ज्योत्स्ना प्रतीक्षाशेजारी बसली, दादाच्या समोर. प्रतीक्षाचे मामा, जानकूभाऊ, ज्योत्स्नालाच विचारू लागले, "पावण्यांचं काय म्हणणं हाय?"

"मामा, त्याला इचारा. मी फकस्त पोचवते."

धम्मपालचे हात उठले आणि तिचा आवाज सुरू झाला. "मला ऐकू येत न्हाई. हे प्रतीक्षाला आदी सांगितलंय का? मागच्या टायमाला मी हेच इचारलं व्हतं. माज्या बहिणीनं ते सांगितलंच न्हाई. ती खोटं बोलली."

बायडाबाई थिजली. तेवढ्यात धम्मपालनं दोन बोटांनी कान पिरगाळला. "गुरुजींना बी ठावं व्हतं," ज्योत्स्ना म्हणाली. मेल्याहून मेल्यासारखं झालं मला. पण पोरीनं ना स्वतःला सोडलं, ना मला.

मग त्यानं काहीतरी सावकाश सांगितलं आणि ती गप्पच झाली. त्यानं पुन्हा तेच सांगितलं. तिचे ओठ हलेनात. त्यानं फरशीवर पाय आपटला, तिच्याकडे बोट केलं. बोल. तेव्हा ती बोलली.

"तवा ती पंधरा वर्सांची व्हती. मोठ्यांचं ऐकत व्हती. मी तिला कवाच माफ केलंय. पर तिला सांगितलं न्हवतं."

प्रतीक्षानं मान वर केली आणि थेट धम्मपालकडे बघितलं. "मला आदी सांगितलंय. म्हणूनच मी बसलेय. आता मला बी लई इचारायचंय तुमाला."

आणि ती एकामागून एक विचारत गेली. ज्योत्स्नाच्या डोळ्यांतून धारा लागल्या होत्या, पण प्रश्न दादाला पोचवताना पुसायला हात मोकळा नव्हता. मी रुमाल पुढं केला, तो तिला घेता आला नाही. शेवटी बायडाबाईच उठली, लेकीच्या मागं उभी राहिली आणि पदरानं तिचे डोळे पुसत राहिली.