चार वाजताचा बिनदुधाचा चहा

गाळणीत चोथा साठतो तसे किस्से साठतात. कितीबी झटका, थोडा चिकटून राहतोच. आमच्या वडीगोद्रीच्या ओट्यावरचा हा चोथा मात्र बिनदुधाचा!

झालं असं. डॉक्टरनं माझी शुगर बघितली आणि घरात दूध-साखरेचा चहा बंद. सूनबाईनं संभाजीनगरहून ग्रीन टीचा डबा पाठवला. मला घोर शुगरचा नव्हता. रोज चारला ओट्यावर दोघं येतात. एक बापूराव, एसटीचा रिटायर ड्रायव्हर. दुसरा सलीमभाई टेलर. चहा बिघडला तर हे दोघं हायवेच्या हॉटेलात जाऊन बसणार, आणि माझे गुडघे काही तिथपर्यंत जात न्हाईत.

*

पहिल्या दिवशी आमच्या कारभारणीनं पाण्यात आलं, वेलची, दालचिनी, दोन मिरे ठेचून टाकले. वरून ग्रीन टीच्या दोऱ्याच्या पुड्या सोडल्या आणि चहा वर यायची वाट बघत उभी राहिली. जन्मभर चहा वर आला की गॅस बंद! आता दूधच न्हाई तर वर काय येणार? अर्ध्या तासानं तीन कपांचा एक कप राहिला.

बापूरावनं घोट घेतला, डोळे घट्ट मिटले.

"वैनी, मला खोकला न्हाई हो!"

*

सलीमभाईनं पुडीचा दोरा ताणून बघितला.

"भाभी, चहाचं माहीत न्हाई, पण धागा बराबर हाय."

तवापासून तो दोरे खिशात घालून नेतो. माझ्या सदऱ्याचं वरचं बटण ग्रीन टीवरच टिकलंय!

*

वापरलेला पाला मी शेळीपुढं टाकला. आमची शेळी लग्नपत्रिका खाते, एकदा लाईटबिल खाल्लं. तिनं पाला हुंगला, माझ्याकडं बघितलं आणि तोंड फिरवलं.

बापूरावनं तिला हात जोडले. "वैनी, हिला तरी विचारून आणायचं!"

*

आमच्याकडं कोरा चहा दुःखाच्या घरी देतात. शहागडचा माझा मावसभाऊ जीपमधून उतरला. बघतो तर तीन म्हातारे कोरा चहा घेऊन, तोंडं पाडून, गप बसलेले. घरात बाई दिसंना. त्यानं टोपी काढली, माझ्या गळ्यात पडला आणि हंबरडाच फोडला.

"माझी वैनी गेली रे!"

बापूरावनं खरं सांगावं का न्हाई? त्यानं गमछ्यानं डोळे पुसले!

तेवढ्यात वैनीच बिस्किटं घेऊन दारात. "कोण रडून राह्यलं एवढं?"

मावसभावानं तिला खालून वरून बघितलं.

"मंग म्हैस मेली का, वैनी?"

*

हसणं झालं, पण दुसऱ्या दिवसापासून बापूराव येईना.

"हायवेला बसतो म्हणं," सलीमभाई म्हणाला. त्यालाबी शिलाईची घाई, अर्धा कप पिऊन उठायचा. मंग मी एकटाच, रस्त्याकडं बघत. असे आठ दिवस गेले.

नवव्या दिवशी चारला बापूराव हजर. हातात हॉटेलातला दुधाचा चहा, प्लास्टिकच्या पिशवीत गाठ मारलेला.

"तिथं बसायला मजा न्हाई. पण पाला मी बिलकुल पिणार न्हाई. माझा चहा मी आणणार, हितं बसून पिणार, बास!"

कारभारीण बाहेर आली. त्याच्या हातातली पिशवी घेतली आणि आत गेली.

थोड्या वेळानं तीन कप आले. तिन्ही कोरे.

बापूराव कपाकडं बघत राहिला. बोलायला तोंड उघडलं, तेवढ्यात आतून बशीतनं चहा ओढल्याचा आवाज आला.

फुर्रर्र...

बापूरावनं तोंड मिटलं. कप उचलला, एका दमात कोरा चहा संपवला आणि दाराकडं बघून म्हणाला,

"वैनी, उद्या दोन आणतो!"