जावेच्या नावाने लिहिलेली पत्रं

माझी धाकटी जाऊ जालन्यात एका बियाण्यांच्या कंपनीत, प्रयोगशाळेत काम करते. आम्ही टेंभुर्णीला असतो. मी इथल्या शाळेत इंग्रजी शिकवते. मागच्या उन्हाळ्यात एका रविवारी ती दिरांबरोबर आली आणि चपला काढता काढताच म्हणाली, "ताई, मी फ्रान्सला चालले. पंधरा दिवस!"

मी भाकरी करत होते. तव्यावरची उलटायची राहिली आणि करपली.

कंपनीचं तिकडच्या लोकांशी काम वाढलं होतं. ज्याला त्यांची भाषा थोडीफार येईल, त्याच्याकडे ते काम जाणार होतं. म्हणून हिने स्वतःची रजा काढून तिथल्या एका खेड्यात, एका घरी राहून भाषा शिकायचं ठरवलं होतं. साठीच्या एक बाई, त्यांच्या शेळ्या, घरीच चीज करायचा धंदा, वर पाहुण्यांसाठी एक खोली. रोज सकाळी शिकवायला शिक्षिका येणार. बाकी दिवसभर घरच्यांबरोबर स्वयंपाक करायचा, शेळ्यांमागे फिरायचं, बाजाराला जायचं.

"तुम्हाला येतं ना फ्रेंच?" ती म्हणाली. "मोबाईल देऊन राह्यला करून भाषांतर, पण लई कोरडं वाटतं ते. त्या बाईंना तुम्हीच लिहा ना."

लग्नाआधी औरंगाबादला शिकत असताना मी दोन वर्षं संध्याकाळी फ्रेंचच्या वर्गाला जायचे. वर्गात पहिली आले होते. पुढे लग्न, नोकरी, दोन मुलं. त्या भाषेत कुणाशी एक वाक्य बोलायची वेळ आली नाही. धुणं धुताना मनातल्या मनात क्रियापदं चालवायचे, तेवढंच. आणि आता तिकडे निघाली होती ही, जिला 'बोंजूर'सुद्धा नीट म्हणता येत नव्हतं.

मी "लिहिते की" म्हणाले.

तिचं ईमेल माझ्या लॅपटॉपवर उघडून दिलं तिने. बाईंनी विचारलं होतं, काय खाता, काय आवडतं, गाव कसं आहे? पहिलं उत्तर मी जावेला विचारून लिहिलं. दुसऱ्यापासून विचारणं सोडून दिलं. मला स्वयंपाकघरात बसून लोकांचं बोलणं ऐकायला आवडतं, असं लिहिलं. जावेला एका जागी बसवत नाही. आमच्याकडे सोयाबीन काढताना बायका काय बोलतात, हुरड्याला कोण कोण येतं, सगळं लिहिलं. बाईंची उत्तरं लांब येऊ लागली. त्यांच्या म्हाताऱ्या शेळीच्या गुडघ्यांबद्दल, परगावी गेलेल्या मुलीबद्दल. त्यांच्या भाषेतही आपल्यासारखंच तू आणि तुम्ही असतं. चौथ्या पत्रात त्यांनी विचारलं, "आता आपण एकमेकींना तू म्हणायचं का?" ते वाचून मी शाळेत दिवसभर खूश होते. पत्राखाली नाव मात्र जावेचं होतं.

जाण्याच्या तीन आठवडे आधी बाईंनी लिहिलं, "तुझं फ्रेंच इतकं चांगलं आहे, तुला शिक्षिका कशाला? ते तास मी रद्द करते. तू सरळ आमच्यातच बस."

तेव्हाच खरं सांगायचं होतं. मी ते पत्र दोनदा वाचलं आणि लिहिलं, "चालेल, तसंच करू."

"काय म्हणून राह्यल्या बाई?" जावेने फोनवर विचारलं.

"काही नाही. सगळं बराबर आहे."

भाषा येत नसली की काय होतं, ते तिला तिथे जाऊन कळू दे, एवढंच माझ्या मनात होतं. दुसरं काही कारण शोधून सापडणार नाही.

ती गेली. पाचव्या दिवशी दुपारी तिचा व्हिडिओ कॉल आला. ओढणी डोक्याला बांधलेली, मागे शेळ्या. "ताई, बोला ना बाईंशी! मी सांगितलंय त्यांना, पत्रं तुम्ही लिहिल्ती म्हणून." आणि फोन त्यांच्याकडे दिला.

पिकलेल्या केसांच्या, गालावर तीळ असलेल्या बाई हसून भराभर काहीतरी बोलल्या. मला निम्मं कळलं. कळलं त्यात हे होतं की त्या मला 'तुम्ही' म्हणत होत्या. मी तोंड उघडलं आणि काही येईना. पत्रातली एवढी वाक्यं, त्यातलं एकही जिभेवर नाही. तेवढ्यात जावेने मधे तोंड घालून तीन-चार मोडके शब्द टाकले, हातवारे केले, आणि बाई तिच्या खांद्यावर थाप मारून हसल्या. तिला त्या 'तू' म्हणत होत्या. रेंज गेली असं सांगून मी फोन ठेवला.

ती परत आली तेव्हा चीजचा एक गोळा घेऊन आली. वासाने घरात कुणी हात लावला नाही. दीर आणि मुलं बाहेर गेल्यावर मी तिला रद्द केलेल्या तासांचं सांगितलं.

तिने चीजचा गोळा परत कागदात गुंडाळला. मग म्हणाली, "पहिले दोन दिवस मी न्हाणीत जाऊन रडले, ताई. एक शब्द कळंना. त्यांना वाटलं, मी रुसून बसले. मंग त्यांनीच परत बोलावलं त्या शिक्षिकेला."

"चुकलं माझं."

"मोबाईलवर टाकून बघता आलं असतं मला तुमचं पत्र. मी तुमच्यावर सोडल्तं."

त्यानंतर महिनाभर तिचा फोन आला नाही. सणाला आली, पण स्वयंपाकघरात माझ्याशी कामापुरतंच बोलली. मीही काही काढलं नाही. बाईंना माझ्या नावाने लिहावं असं दोनदा मनात आलं, पण लिहिलं नाही.

दिवाळीनंतर एका संध्याकाळी तिचा फोन आला. कंपनीतून फ्रान्सला पत्र पाठवायचं होतं.

"पाठव, लिहून देते," मी म्हणाले.

"न्हाई. लिहिलंय मी. तुम्ही फक्त चुका काढा."

चुका बऱ्याच होत्या. स्त्रीलिंगी शब्द पुल्लिंगी केलेले, क्रियापदं अर्धवट. मी एकूण एक काढल्या आणि परत पाठवलं. पण तिचं पत्र चांगलं होतं, समोर बसून बोलल्यासारखं. मला कधी असं लिहिता आलं नव्हतं. ते मी तिला सांगितलं नाही.