लिंबावरची गुळवेल

धाकट्या भावाच्या दोन्ही किडन्या गेल्या, तेव्हा मी माझी एक दिली. लई मोठं काम केलंस, असं कुणी म्हटलं की माझं डोकं फिरायचं. सख्खा भाऊ, त्याला नाय द्यायची तर काय लोणचं घालायचं होतं तिचं?

ऑपरेशननंतर डॉक्टर म्हणाले, "शरीर आपलं-परकं ओळखतं. जंतू शिरला की पांढऱ्या पेशी त्याच्यावर तुटून पडतात. तुमची किडनीही त्यांना परकीच. म्हणून त्यांना दाबून ठेवायच्या गोळ्या आता जन्मभर." एका आईच्या पोटचे आम्ही, एका ताटात जेवलेलो, अन् मी परकी? मी भांडलेच. "ताई, पेशींना नातं कळत नाही," ते म्हणाले.

मग पडेगावच्या आमच्या घरात पहारा सुरू झाला. भावाची राखण करणारी फौजच गोळ्यांनी झोपवलेली, त्यामुळं कुणाच्या साध्या शिंकेचीही भीती. आमच्यात आजाऱ्याला भेटायला गेलं नाय तर जन्माचा रुसवा. नातेवाईक केळी, बिस्किटं घेऊन यायचे अन् मी दारातूनच परत पाठवायचे. "लई शहाणी झाली," म्हणायचे. म्हणू देत.

तरी त्याला सर्दी व्हायचीच. खोकला हटायचा नाय, तोंड सुजलेलं. आई बघून बघून रडायची. "ह्या गोळ्यांनीच माझ्या लेकराची ताकद खाल्ली," म्हणायची.

कोरोनात अख्खी गल्ली गुळवेलीचा काढा प्यायली होती, प्रतिकारशक्ती वाढते म्हणून. कडुलिंबावर चढलेली वेल सगळ्यात गुणाची, अन् तसा लिंब शेजारच्या अंगणातच होता. मी शहागंजात कापडाच्या दुकानावर कामाला गेले की आई वेल ठेचायची, उकळायची अन् पेला त्याच्या हातात द्यायची.

पुढं त्याचे पाय सुजले, लघवी कमी झाली. तपासण्या झाल्या. शरीरानं किडनीवर हल्ला केला होता. "घरगुती औषध काही दिलंत?" डॉक्टरांनी विचारलं. मी ठासून नाय म्हणाले. भाऊ खाली बघत राहिला अन् बाहेर आल्यावर त्यानं काढ्याचं सांगितलं.

"अरं, तुला अक्कल नव्हती का?"

"ती इतक्या मायेनं समोर धरायची, ताई. नाय कसं म्हणू?"

मी परत आत जाऊन डॉक्टरांना सांगितलं. निव्वळ काढ्यानंच झालं असं ते छातीठोक म्हणाले नाहीत. पण ज्या पेशींना आपण झोपवत होतो, त्यांना घरात कुणीतरी उठवत होतं, म्हणाले. इंजेक्शनं झाली. उपयोग झाला नाय. किडनी गेली, भाऊ पुन्हा डायलिसिसवर आला.

"आईला कळू देऊ नको. ती जगायची नाय," एवढंच त्यानं माझ्याकडून कबूल करून घेतलं. डायलिसिसमुळं पाणी मोजून प्यायचं असतं, म्हणून काढा बंद, असं मी आईला सांगितलं. तिनं ऐकलं.

परवा मावशी आली होती. चहा घेता घेता आई तिला म्हणाली, "हिचीच किडनी कमजोर निघाली गं. नायतर पोरगं कधीच उभं राहिलं असतं."

सगळं जिभेवर आलं होतं. भाऊ खाटेवरून माझ्याकडं बघत होता.

"व्हय आई," मी म्हणाले, "कमजोरच होती."