वीतभर उंच

आमच्या परळच्या चाळीत कोणाचं लग्न ठरलं की समोरच्या खोलीतल्या काकू लोणच्याच्या रिकाम्या बाटल्या मागत फिरतात. रिसेप्शनच्या टेबलांवरची सजावट त्याच करतात, तीही स्वस्तात. बाटलीला सुतळी गुंडाळायची आणि आत निशिगंध ठेवायचा, कारण कितीही धुतलं तरी लोणच्याचा वास जात नाही. फुलं मात्र वीतभरच उंच.

ताईच्या रिसेप्शनला त्यांनी मला एकेका टेबलापाशी समोर बसवलं.

"दिसतंय माझं तोंड?"

"दिसतंय, काकू. बस झालं ना आता!"

"बस काय? जेवताना समोरचं माणूस दिसायला नको?" म्हणत त्यांनी दांड्या आणखी बोटभर कापल्या. बावीस टेबलं होती. मी पार वैतागलो होतो.

दुसऱ्या दिवशी दुपारी त्यांची कात्री परत द्यायला गेलो, तर काकू एकट्याच जेवत होत्या. छोट्याशा टेबलाला दोन खुर्च्या, आणि मधोमध तसल्याच बाटलीत हातभर उंच निशिगंध.

"काकू, हा नाही कापलात?"

"राहू दे रे," त्या भात कालवत म्हणाल्या. "कापला की समोरची खुर्ची दिसते."